टॅक्रोलिमसची दोन प्रयोगशाळांतून आलेली दोन उत्तरे : खरे कोणते मानायचे?

आर्णीकर

माझ्या धाकट्या भावाच्या मूत्रपिंड प्रत्यारोपणाला तीन वर्षे झाली. मूत्रपिंड आईचे आहे. भाऊ शेती पाहतो, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, आणि त्याच्या गोळ्या, तपासण्या व फायली यांचा कारभार घरात माझ्याकडे आहे. शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमसची गोळी तो सकाळी ९ आणि रात्री ९ वाजता घेतो आणि दर दोन महिन्यांनी रक्तातील पातळी तपासावी लागते. आजवर ही तपासणी आम्ही नागपूरला करत होतो. या वेळी सोयाबीनची काढणी ऐन भरात असल्यामुळे रक्त यवतमाळच्या एका कलेक्शन सेंटरवर दिले.

नागपूरचा मागचा आकडा ६.४ होता आणि यवतमाळचा ८.९ आला. दोन्ही नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्येच आहेत. गोळी तीच, कंपनी तीच, मात्रा तीच, आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिनही १.२ वरच स्थिर आहे. दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचले, तेव्हा तळाच्या बारीक अक्षरांत मोजण्याची पद्धत म्हणून नागपूरच्या अहवालावर ‘एलसी-एमएस/एमएस’ आणि यवतमाळच्या अहवालावर ‘सीएमआयए’ असे लिहिलेले दिसले. डॉक्टरांनी पातळी ५ ते ८ च्या दरम्यान ठेवायला सांगितली आहे. म्हणजे एका कागदाप्रमाणे सारे ठीक आहे आणि दुसऱ्याप्रमाणे मात्रा कमी करायला हवी.

माझे प्रश्न दोन आहेत. यातला कोणता आकडा खरा मानायचा? आणि पाच तासांचा प्रवास करून माणसानेच दर वेळी नागपूरला जायला हवे का, की नुसते रक्त पाठवले तरी चालते?

शंकेखोर

दोन्ही दिवशी रक्त देण्याआधी सकाळची गोळी घेतली होती का, आणि रक्त किती वाजता दिले, एवढे आधी सांगा. बाकीची चर्चा त्यानंतर करू.

आर्णीकर

भावाला विचारून लिहितो आहे. गोळी दोन्ही वेळा घेतलेली नव्हती. नागपूरला पहाटेच्या गाडीने पोहोचून रक्त देईपर्यंत साडेदहा वाजले होते. यवतमाळला मात्र साडेसातलाच दिले, कारण त्याला मजूर शेतात पोहोचण्याआधी परतायचे होते.

शंकेखोर

म्हणजे एक नमुना रात्रीच्या गोळीनंतर साडेतेरा तासांचा आहे आणि दुसरा साडेदहा तासांचा. प्रयोगशाळांचे भांडण सुरू होण्याआधीच तुमच्या भावाने आकड्यात तीन तासांचे अंतर पाडून ठेवले आहे.

कॉलमवाली

मी नागपूरच्या एका प्रयोगशाळेत एलसी-एमएसच्या यंत्रावर काम करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. शंकेखोरांचा मुद्दा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा आहे. दिवसातून दोनदा घेण्याच्या गोळीसाठी ठरवलेली ५ ते ८ ही मर्यादा पुढची गोळी घेण्याच्या अगदी आधीच्या, म्हणजे बारा तासांनंतरच्या तळाच्या पातळीची असते. साडेदहा तासांनी घेतलेल्या रक्तात औषध थोडे जास्त आणि साडेतेरा तासांनी घेतलेल्या रक्तात थोडे कमी असणारच. त्यामुळे हे दोन आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यासारखे नाहीतच. पद्धत एकच असती तरीही ते वेगळे आले असते.

आता पद्धतीविषयी. टॅक्रोलिमस रक्तात मुख्यतः तांबड्या पेशींत जाऊन बसते, म्हणून ते प्लाझ्मात नव्हे, तर संपूर्ण रक्तात मोजतात आणि त्यासाठी जांभळ्या टोपणाची, रक्ताची गुठळी होऊ न देणारी ईडीटीए नळी लागते. नळी माझ्या हातात येते तेव्हा पेशी तळाशी बसलेल्या असतात. ती सावकाश आठ-दहा वेळा उलटीसुलटी करून रक्त एकजीव केल्याशिवाय मी त्यात पिपेट बुडवत नाही, कारण वरचेच पाणी उचलले गेले तर औषध तळाशी राहून जाते. गुठळी झालेली नळी सरळ बाजूला ठेवावी लागते.

त्यातून सुमारे शंभर मायक्रोलिटर, म्हणजे दोन-तीन थेंब रक्त घेऊन त्यात झिंक सल्फेट घालते. पेशी फुटतात आणि रक्त काळपट लाल होते. मग ॲसिटोनायट्राइल घालून जोरात घुसळले की दूध फाटावे तशी प्रथिने गोळा होतात. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर तळाशी तपकिरी चोथा बसतो आणि वर नितळ द्रव राहतो. औषध त्या द्रवात असते. त्यात ठरलेल्या प्रमाणात ‘अंतर्गत मानक’ घातलेले असते. ते म्हणजे टॅक्रोलिमसचाच जड समस्थानिक असलेला भाऊ किंवा ॲस्कोमायसिन नावाचा त्याचा चुलतभाऊ. काढताना, गाळताना, यंत्रात जाताना जे काही वाया जाते ते दोघांचेही सारखेच वाया जाते, म्हणून शेवटी आपण दोघांचे गुणोत्तर पाहतो.

हा द्रव बोटाएवढ्या, तापवलेल्या कॉलममधून, म्हणजे बारीक कणांनी भरलेल्या नळीतून, दाबाखाली जातो. क्षार आणि इतर पदार्थ आधी निघून जातात आणि औषध थोड्या वेळाने बाहेर येते. पुढे मास स्पेक्ट्रोमीटर पहिल्या गाळणीत फक्त ८२१ च्या आसपास वस्तुमान असलेला आयन आत घेतो, वायूवर आपटून तो फोडतो आणि दुसऱ्या गाळणीत ७६८ चा तुकडाच मोजतो. यकृताने औषधाचे जे चयापचयज, म्हणजे बदललेली रूपे, केलेले असतात त्यांचे वस्तुमान वेगळे असते, त्यामुळे त्यांना या दारातून आत येता येत नाही. सीएमआयएमध्ये औषध प्रतिपिंडाने (अँटिबॉडीने) ओळखले जाते, आणि काही चयापचयज त्या प्रतिपिंडाला मूळ औषधासारखेच दिसतात. म्हणून तो आकडा बहुतेकदा थोडा वर येतो.

पूर्णाकाठ

कॉलमवाली ताई, सायक्लोस्पोरिनच्या, म्हणजे प्रत्यारोपणाच्या जुन्या औषधाच्या काळात आमच्या वडिलांच्या अहवालावर नुसते ‘एचपीएलसी’ असे लिहिलेले असायचे. तेच यंत्र टॅक्रोलिमसला का चालत नाही?

कॉलमवाली

सायक्लोस्पोरिनची रक्तातील पातळी शेकड्यांत असते आणि २१० नॅनोमीटरच्या आसपासच्या अतिनील किरणांत ते कसेबसे का होईना, दिसते. टॅक्रोलिमसची पातळी एक-दोन आकडी असते आणि अतिनील किरण ठळकपणे शोषून घेईल असा भाग त्याच्या रेणूत नाही. म्हणून कॉलमच्या टोकाला एचपीएलसीतल्या किरणांऐवजी मास स्पेक्ट्रोमीटर लावावाच लागतो, आणि यंत्राची किंमत कोटींत जाते ती तिथेच.

जांभळे टोपण

मी तालुक्याच्या गावी छोटी पॅथॉलॉजी चालवतो आणि नागपूर, मुंबईला नमुने पाठवतो. ताईंनी सांगितलेले सर्व मान्य आहे, पण या धाग्यावर सीएमआयए म्हणजे खोटे आणि एलसी-एमएस म्हणजे ब्रह्मवाक्य असे वातावरण होऊ लागले आहे, त्यावर माझी हरकत आहे. प्रतिपिंडाच्या पद्धतीवर जगभरात लाखो रुग्णांच्या मात्रा ठरल्या आहेत आणि त्यांची मूत्रपिंडे चालू आहेत. त्या यंत्रावर एका नमुन्याचे उत्तर तासाभरात मिळते. एलसी-एमएसवाल्यांना पुरेसे नमुने जमेपर्यंत थांबून ते एकत्र चालवणे परवडते, त्यामुळे उत्तराला एक-दोन दिवस जास्त लागतात. ताप येऊन दवाखान्यात भरती झालेल्या रुग्णाला ते दोन दिवस परवडतातच असे नाही.

शिवाय अनेक एलसी-एमएस प्रयोगशाळांची पद्धत त्यांनी स्वतःच बसवलेली असते. एकीचे कॅलिब्रेटर (यंत्राचे माप जुळवण्याचे ठरीव नमुने) वेगळे, दुसरीचे अंतर्गत मानक वेगळे. त्या दोघींचे आकडेही तंतोतंत जुळत नाहीत. रुग्णाने आज इथे आणि उद्या तिथे असे फिरू नये, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

कॉलमवाली

जांभळे टोपण यांचे म्हणणे मला मान्य आहे आणि माझ्या लिहिण्यातून तसा सूर निघाला असेल, तर तो दुरुस्त करते. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त आहे का आणि बाहेरून येणाऱ्या अज्ञात नमुन्यांच्या चाचणीत ती नियमित भाग घेते का, हे यंत्राच्या नावाइतकेच विचारण्यासारखे आहे. आमच्याकडे प्रत्येक तुकडीबरोबर कमी, मध्यम आणि जास्त अशा तीन पातळ्यांचे नियंत्रण नमुने चालतात. त्यांतला एकही हद्दीबाहेर गेला तर त्या तुकडीचा एकही अहवाल बाहेर पडत नाही. मग उशीर का झाला म्हणून फोन येतात, ते सोसावे लागतात.

वरुडचा बागायतदार

माझ्या मेहुण्याचे प्रत्यारोपण झाले तेव्हा हातात दिलेल्या कागदावर ‘आंबट जातीची फळे टाळावीत’ असे छापले होते. तेव्हापासून तो संत्र्याच्या बागेत राहून संत्र्याकडे उपाशी माणसासारखा पाहतो. दोनशे झाडांचा मालक पाहुण्यांना संत्री सोलून देतो आणि स्वतः फोडीचा नुसता वास घेतो. हे खरोखर आवश्यक आहे का?

निवृत्त औषधनिर्माता

बागायतदार साहेब, त्या कागदाचा रोख ग्रेपफ्रूट आणि पपनस या फळांवर असतो. त्यांतील फ्युरॅनोकूमॅरिन ही द्रव्ये आतड्यातील सीवायपी३ए४ हे विकर (एन्झाइम) निकामी करतात. टॅक्रोलिमस मोडण्याचे काम याच विकराचे असल्यामुळे ते निकामी झाले की रक्तातील पातळी चढते. आपले नागपुरी संत्रे मँडरिन जातीचे आहे आणि त्याच्यावर हा आरोप नाही. तरीही मेहुण्यांनी आपल्या नेफ्रॉलॉजिस्टला (मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना) एकदा विचारून मगच पहिली फोड तोंडात घालावी, आणि पपनसाला हात लावू नये.

जाता जाता कंपनीविषयीही सांगतो. दुकानदाराने ‘हेच औषध आहे, स्वस्त आहे’ म्हणून दुसऱ्या कंपनीच्या कॅप्सूल दिल्या, तर त्या परस्पर सुरू करू नयेत. डॉक्टरांना कळवून बदल करावा आणि त्यानंतर पातळी पुन्हा तपासावी. दिवसातून एकदाच घेण्याची दीर्घ परिणामाची कॅप्सूल आणि दोनदा घेण्याची साधी कॅप्सूल, या दोन्हींची अदलाबदल तर आपल्या मनाने कधीच करू नये. चाळीस वर्षे काउंटरच्या आत उभा राहून मी हे लोकांना सांगत आलो, पण निम्मे लोक सुटे पैसे मोजण्यात गुंतलेले असायचे.

धानोऱ्याची सून

आमच्या घरची चूक सांगते. मागच्या पावसाळ्यात सासूबाईंच्या कमरेला गजकर्ण झाले. गावाजवळच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी न पाहता मलम आणि सात दिवसांच्या इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल दिल्या. प्रत्यारोपण झाले आहे हे आम्ही त्याला सांगितले नाही आणि त्यानेही विचारले नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांचे हात इतके थरथरू लागले, की चहाचा कप बशीवर वाजायचा. आम्हाला वाटले, अशक्तपणा असेल. तपासणीत पातळी २४ आली आणि क्रिएटिनिन १.१ वरून १.९ वर गेले होते.

नेफ्रॉलॉजिस्ट सरांनी टॅक्रोलिमस दोन दिवस बंद ठेवले, बुरशीचे औषध थांबवले आणि दर तिसऱ्या दिवशी पातळी तपासली. ती उतरायला आठवड्याहून जास्त काळ लागला. तेव्हा सरांनी पद्धत कोणती आहे हेही विचारले होते, पण २४ हा आकडा कोणत्याही यंत्रावर वाईटच होता.

निवृत्त औषधनिर्माता

ताई, आपण हे लिहिलेत ते फार चांगले केलेत. इट्राकोनॅझोल आणि फ्लुकोनॅझोल ही बुरशीची औषधे, क्लॅरिथ्रोमायसिन आणि रक्तदाबासाठीचे डिल्टियाझेम ही सर्व पातळी चढवतात. मात्रा कमी लागावी आणि खर्च वाचावा म्हणून काही डॉक्टर डिल्टियाझेम मुद्दाम जोडतात. तेव्हा ते सुरू असेल तर घाबरून आपणहून बंद करू नये, कारण ते बंद केले की पातळी खाली येते. क्षयरोगाचे रिफॅम्पिसिन आणि फिटचे फेनिटॉइन उलट्या दिशेने ओढतात. रिफॅम्पिसिनने पातळी इतकी पडते, की मात्रा काही पटींनी वाढवावी लागते, आणि ते संपल्यावर दोनेक आठवड्यांत पुन्हा उतरवावी लागते. आपल्या भागात क्षयरोग किती आहे हे वेगळे सांगायला नको.

पूर्णाकाठ

जुलाबांचेही लिहा. आमच्याकडे खारपाणपट्ट्यात उन्हाळ्यात पाण्याचे हाल असतात. एकदा वडिलांना चार दिवस जुलाब झाले, तेव्हा औषध सगळे वाहून गेले असेल असे आम्ही धरून चाललो होतो, पण पातळी उलट वाढलेली निघाली.

निवृत्त औषधनिर्माता

बरोबर आहे. एरवी आतड्याची भिंतच बरेचसे औषध मोडून टाकते. जुलाबांत तिचे हे काम बिघडते, त्यामुळे औषध जास्त शोषले जाते. म्हणून जुलाबांत गोळी वाढवणे तर दूरच, आधी पातळी तपासायची असते.

वरुडचा बागायतदार

मेहुण्याला संत्र्याची बातमी फोनवर सांगितली. तो म्हणाला, आधी डॉक्टरांना विचारतो, पण आवाजावरून वाटले की सोलायला सुरुवात झाली असावी.

एक विषयांतर करतो. ही औषधे मातीतून सापडली असे मी ऐकले आहे. ते खरे आहे का?

वर्धेकर

खरे आहे. टॅक्रोलिमस तयार करणारा सूक्ष्मजीव १९८४ मध्ये जपानमधील त्सुकुबा भागातील मातीत सापडला आणि स्ट्रेप्टोमायसिस त्सुकुबाएन्सिस हे त्याचे नावही तिथूनच आले. सायक्लोस्पोरिन नॉर्वेतल्या मातीतील बुरशीतून मिळाले. याच कामाचे सिरोलिमस प्रशांत महासागरातील ईस्टर बेटाच्या मातीतून आले. त्या बेटाचे स्थानिक नाव रापा नुई, म्हणून औषधाचे पहिले नाव रापामायसिन. त्यावर चिकाटीने काम करणारे शास्त्रज्ञ सुरेंद्रनाथ सहगल भारतीय वंशाचे होते.

शंकेखोर

आपल्या काळ्या कसदार मातीत कापूस, तूर आणि कर्ज एवढेच निघते. कुणीतरी तीही एकदा प्रयोगशाळेत पाठवून पाहायला हवी.

वर्धेकर

आर्णीकर सरांच्या दुसऱ्या प्रश्नाला अजून कुणी हात घातलेला नाही, म्हणून लिहितो. मी विश्लेषण रसायनशास्त्राचा संशोधक विद्यार्थी आहे. ईडीटीए नळीतील टॅक्रोलिमस टिकाऊ आहे. साध्या तापमानालाही ते काही दिवस फारसे बदलत नाही, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. त्यामुळे माणूस गावात आणि रक्त नागपुरात, यात शास्त्राची काहीही अडचण नाही.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे वाळवलेला रक्तबिंदू. रुग्णाने घरीच बोट टोचून ठरलेल्या कागदावर थेंब पाडायचा, तो वाळवायचा आणि पाकिटातून टपालाने पाठवायचा. प्रयोगशाळा त्या डागातून गोल तुकडा कापते, त्यातले औषध काढते आणि याच एलसी-एमएसवर मोजते. नेदरलँड्समध्ये प्रत्यारोपणाच्या रुग्णांसाठी ही पद्धत वापरात आहे. इतक्या थोड्या रक्तातून मोजणे संवेदनशील यंत्रामुळेच शक्य होते. अडचण एवढीच, की रक्तक्षय असलेल्या माणसाचा थेंब कागदावर जास्त पसरतो आणि डागाच्या ठरावीक तुकड्यात रक्त कमी येते. त्यावर तोड म्हणून ठरावीक मापाचेच रक्त शोषून घेणारी छोटी टोके आता निघाली आहेत.

जांभळे टोपण

टपालाचे ठीक आहे, पण बोट नीट न टोचता दाबून दाबून काढलेला थेंब मी रोज पाहतो. शिवाय ज्या बोटांनी नुकतीच टॅक्रोलिमसची कॅप्सूल उघडली असेल त्याच बोटाचे रक्त कागदावर गेले तर काय होईल? नस टोचायला आम्ही आहोत. ती सोय प्रत्येक तालुक्यात आजही आहे. तिचाच नीट वापर करा.

कॉलमवाली

कॅप्सूलच्या भुकटीचा मुद्दा अचूक आहे. दवाखान्यात ज्या नळीतून टॅक्रोलिमस शिरेत दिले जाते, त्याच नळीतून रक्त काढल्यामुळे भलताच वाढलेला आकडा आलेला मी पाहिला आहे. आमचे यंत्र औषध अचूक मोजते, पण ते कुठून आले हे त्याला सांगता येत नाही.

आर्णीकर सर, एक सुचवते. डॉक्टरांची संमती असेल तर एकदा ठीक बाराव्या तासाला एकाच टोचणीत दोन नळ्या भरा आणि एकेक नळी दोन्हीकडे पाठवा. वेळेचा फरक त्यातून बाद होईल आणि जो उरेल तो पद्धतीचा असेल.

आर्णीकर

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहितो आहे. बुधवारी डॉक्टरांना दोन्ही अहवाल वेळांसकट दाखवले. त्यांनी मात्रा बदलली नाही आणि दोन नळ्यांची कल्पना मान्य केली. गेल्या सोमवारी आर्णीतच सकाळी ८.५० ला रक्त काढले. भावाने कॅप्सूल खिशातच ठेवली होती. हातावर कापूस दाबून धरत त्याने ती तिथेच ९ वाजता पाण्याबरोबर घेतली. एक नळी यवतमाळला गेली आणि दुसरी संध्याकाळपर्यंत नागपूरला पोहोचली.

यवतमाळच्या सीएमआयएवर ८.३ आले आणि नागपूरच्या एलसी-एमएसवर ७.१. रक्त एकच, वेळ एकच, तरी फरक १.२ चा. आधीचा फरक अडीचचा होता, म्हणजे त्यातला निम्म्याहून अधिक भाग आम्हीच घड्याळाकडे न पाहता तयार केला होता, असा मी अंदाज बांधतो. यवतमाळच्या ८.९ या आकड्यावर विसंबून मात्रा कमी केली असती तर पुढे काय झाले असते, हा विचार त्या दिवसापासून डोक्यातून जात नाही.

डॉक्टर म्हणाले, की त्यांची ५ ते ८ ही मर्यादा नागपूरच्याच पद्धतीचे आकडे पाहून ठरलेली आहे, म्हणून यापुढे तपासणी तिथेच करायची. भावाने मात्र जायचे नाही, नळीने जायचे. दर दोन महिन्यांनी त्याचा पूर्ण दिवस आणि माझी एक रजा वाचली.

धानोऱ्याची सून

सर, नागपूरला नळी कशी पाठवली आणि बरोबर काय लिहून दिले? आमच्याकडून पुढच्या आठवड्यात पाठवायची आहे. दर वेळी सासूबाईंना इतक्या दूर नेणे आता जमत नाही.

आर्णीकर

थर्माकोलच्या डब्यात. जांभळे टोपण यांनी व्यक्तिगत निरोपातून सांगितल्याप्रमाणे नळी कापसात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद केली आणि थंड पिशवी तिला थेट टेकणार नाही अशी ठेवली, कारण रक्त बर्फासारखे गोठून चालत नाही. चिठ्ठीवर औषधाचे नाव, मात्रा, ‘शेवटची गोळी रात्री ९.००, रक्त सकाळी ८.५०’ आणि सोबत सुरू असलेली इतर औषधे लिहिली. भाड्यापेक्षा डबा महाग पडला, पण तो परत मागवून घेतला आहे.

शंकेखोर

थंड पिशवीला सुटलेल्या पाण्याने चिठ्ठी भिजली तर? वेळा नळीच्या पट्टीवरही लिहा.

आर्णीकर

लिहिल्या आहेत. बॉलपेनने.